खुंटीचा अर्धा वळसा

नांदुऱ्याच्या स्टेशनरस्त्यावर जानरावांची एका दाराची खोली होती. दारावर पाटी नव्हती. छपरावर पालथा घातलेला भोंगा, हीच पाटी. लग्न असो, बारसं असो की निवडणुकीची सभा, जानरावांचा भोंगा बाभळीवर चढल्याशिवाय मांडवाला मांडवपण यायचं नाही. कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला की गाव कामाला लागायचं, आणि जानरावांचा वाजला की जेवायला.

माणूस भारी जिज्ञासू. नवी वस्तू घरात आली की पहिल्या दिवशी तिला हळदकुंकू आणि दुसऱ्या दिवशी तिचे पेच उघडे. घड्याळ, स्टोव्ह, ग्रामोफोन, एकदा तर डॉक्टरांचं रक्तदाब मोजायचं यंत्रसुद्धा. त्यांची बायको पुष्पाबाई शेजारणींना सांगायची, “या मानसाले देवानं हात देले अन् हातात पेचकस देऊन धाडलं.”

पण भोंगा हे पोट. जीव होता कलगीत.

कलगी-तुऱ्याचे सामने ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. गाणाऱ्यांचे दोन फड असायचे. कलगीवाले शक्तीला मोठं मानणार, तुरेवाले शिवाला. एकानं गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच जबाब द्यायचा, आणि गावंच्या गावं घोंगड्या अंथरून ऐकत बसायची. दोघांची जाजमं वेगळी, डफ वेगळे, तुणतुणी वेगळी. सूरसुद्धा वेगळा. कलगीचा चढा, तुऱ्याचा खालचा. कलगीवाला तुऱ्याच्या जाजमावर पाय ठेवणार नाही आणि तुरेवाला कलगीच्या.

अपवाद एकच. पहाटे हारजीत ठरली की हरलेल्या शाहिरानं लोकांकडे पाठ करायची, खुंटी पिळून आपलं तुणतुणं जिंकणाऱ्याच्या सुराला लावायचं, आणि मग दोघांनी एकाच जाजमावर बसून तेलवातीचं पद गायचं. कलगीवाल्यानं वातीची ओळ धरायची, तुरेवाल्यानं तेलाची. ‘तेल म्हणे मी, वात म्हणे मी, उजेड कोणाचा सांगा.’ दोन्ही ओळी एकाच वेळी, वेणीसारख्या गुंतत जाणाऱ्या. एकट्यानं गायलं तर ते अर्धं गाणंही राहत नसे. नुसता एक पेड हातात घेऊन कोणी वेणी म्हणतं का?

जानराव नांदुऱ्याच्या कलगीचे शाहीर. पलीकडच्या जाजमावर सोनाळ्याचे अर्जुनराव, तुऱ्याचे. आणि गंमत अशी, की अर्जुनराव पुष्पाबाईंचे सख्खे थोरले भाऊ. ऐन जवानीत जानराव सोनाळ्याच्या सामन्यात सपशेल हरले होते. हरलेल्या माणसाला मुलगी देण्यात धोका कमी, असं म्हाताऱ्या सासऱ्याला वाटलं असावं. तेव्हापासून पुष्पाबाईंचं माहेर तुरा आणि सासर कलगी. सामन्याला ती दोन्ही जाजमांच्या मधोमध बसायची, आणि घरी आली की जो हरला असेल त्याची नक्कल करून दाखवायची.

मग दिवस बदलले. तंबूतला सिनेमा आला, जत्रेत सामन्याची बोली लावणारे पाटील म्हातारे झाले. डफ खुंटीला गेले. चार-पाच वर्षांत तेलवातीचं पद कोणाच्या कानावर पडलं नव्हतं.

त्या वर्षी भाऊबीजेहून पुष्पाबाई परत आली. चहा ठेवला, चहा उतू गेला, तरी तिचं लक्ष नाही.

“काय झालं? भावानं ओवाळनीत नारळ देला का?” जानरावांनी विचारलं.

“दादाचा घसा,” ती म्हणाली. “अकोल्याच्या डॉक्टरनं पाह्यला. पौषात कापा लागते म्हनते. आवाज राहीन का जाईन, तो सांगत नाई.”

जानरावांनी हातातला पेचकस खाली ठेवला. म्हणाले, “मंग पद?”

“मी भावाचं सांगून राह्यली अन् तुमाले पदाचं पडलं.”

“येकच हाये ते,” जानराव म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सोनाळ्याच्या बसमध्ये बसले.

अर्जुनराव ओट्यावर उन्हात बसले होते, गळ्याला मफलर. आवाज घासलेल्या विळ्यासारखा झाला होता, पण रुबाब तोच.

“या जवाईबुवा. हारल्याबिगर कसे आले?”

“तेलवातीचं पद गाऊन टाकू, अर्जुनराव. फितीवर भरून ठेवू. मशीन मी आनतो.”

“कोन्त्या सामन्याचं पद? कोन हारलं?”

“सामना कोठी राह्यला आता?”

“मंग पद कोठून आनता? सामन्याबिगर मी कलगीच्या जाजमावर बसत नाई. अन् सामना गायाले घसा नाई.” अर्जुनरावांनी हात जोडले. “बाप वरतून पाहून राह्यला. त्याच्यापुढं मले खाली पाहाले नका लावू.”

जानरावांना रीत माहीत होती. ते उठून बसच्या वाटेला लागले. परतीच्या बसमध्ये खिडकीतून कापसाची पांढरी वावरं मागे जात होती. पुष्पाबाई एकदम म्हणाली, “येका जाजमावर बसाची मनाई हाये ना? येका फितीवर बसाची त नाई. तो त्याच्या घरी गाईन, तुमी आपल्या घरी गा.”

“अन् दोन्ही ओळी येकत्र कशा होतीन?”

“ते मले काय इचारता? पेचकस तुमच्या हाती हाये.”

झालं. जानरावांच्या डोक्यात भुंगा शिरला.

आवाज फितीवर भरणारं पहिलं मशीन शाळेतलं. स्नेहसंमेलनासाठी आणलेलं, पेटीएवढं. हेडमास्तरांच्या परवानगीनं ते रविवारी घरी आलं. जानरावांनी त्यावर आधी डफ भरला, फीत मागे फिरवली आणि त्याच जागेवर गायले. ऐकलं तर गाणं होतं, डफ गायब. पुन्हा केलं, पुन्हा गायब. मग झाकण उघडलं. फीत जिथून सरकते तिथे दोन चकचकीत ठोकळे होते. मेकॅनिक लोक त्यांना डोकी म्हणतात. एक डोकं नवीन आवाज लिहायचं, आणि त्याच्या आधीचं डोकं जुनं सगळं पुसून पाटी कोरी करायचं.

“म्हंजे हे सासूसारखं हाये,” पुष्पाबाई म्हणाली. “सून आली का पयलीचं सारं पुसून टाका.”

दुसरी युक्ती खास भोंगेवाल्याची. जीनवाल्या शेठजींच्या पोराकडून आणखी एक तसलंच मशीन मागून आणलं. पहिल्यावर भरलेला डफ भोंग्यातून वाजवायचा, त्याच्यासमोर उभं राहून गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर भरायचं. जानराव खुशीत होते. आयुष्य भोंग्यात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? ऐकलं तर डफ विहिरीत पडल्यासारखा वाजत होता, आणि वरून गल्लीतली कुत्री, सायकलची घंटी, आणि ‘जानराव, कोनाचं लगन हाये बे?’ असं कोणीतरी स्पष्ट विचारलेलं. अर्जुनरावांचा आवाज असा विहिरीतून काढायचा? जानरावांनी दोन्ही मशीनं पुसून परत केली.

मग ते जलंबला गाडी बदलून खामगावला गेले. तिथे भगवंतरावांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. मोठा दिलदार माणूस. गिऱ्हाइकापेक्षा गिऱ्हाइकाच्या अडचणीवर त्याचं प्रेम जास्त. जानरावांची हकिगत ऐकून त्यानं दुकानाचं अर्धं दार लावूनच घेतलं.

“तुमाले दोन वाटांचं मशीन पाह्यजे,” भगवंतराव म्हणाले. “फीत येकच, पन तिच्यावर दोन पांदनी. वरच्या पांदनीत येक जन गाईन, खालच्या पांदनीत दुसरा. येकानं दुसऱ्याले पुसाचं नाई. गाताना पयल्याचा आवाज कानात आयकाचा, अन् नंतर दोन्ही संग वाजवाचे.”

जानराव खुर्चीच्या टोकावर आले. “हाये तुमच्याकडं?”

“दोन हायेत.”

एक जर्मन बनावटीचं. मोठं, जड, तीन डोक्यांचं, काचेमागे दोन काटे नाचणारं. एका घराण्यानं हौसेनं आणलेलं आणि हौस फिटल्यावर विकायला ठेवलेलं. दुसरं जपानी, लहान, दोनच डोक्यांचं, झाकणाचा एक कोपरा फुटलेला. पहिल्याच्या किमतीत तसली तीन आली असती.

“घ्याचं त मोठंच घ्या,” भगवंतराव म्हणाले. “ह्याच्यात पुसाचं डोकं येगळं, लिहाचं येगळं, आयकाचं येगळं. साफ आवाज येते.”

जानरावांनी खिशात हात घातला नाही. म्हणाले, “आधी थाप मारून पाहू.”

त्यांची परीक्षा साधी होती. एका वाटेवर टेबलावर बोटांनी डफासारखा ठेका भरायचा. मग कानावर हेडफोनचे डबे चढवून तो ठेका ऐकत दुसऱ्या वाटेवर टाळ्या भरायच्या. शेवटी दोन्ही एकदम वाजवायचे. मोठ्या मशीनवर त्यांनी तसं केलं. वाजवलं, तर प्रत्येक टाळी ठेक्याच्या जराशी मागे. मिरवणुकीत लंगडणाऱ्या माणसाचा पाय पडावा तशी.

“तुमी मांगं पडले,” भगवंतराव म्हणाले.

“मी?” आयुष्यभर कोणी जानरावांना तालात मागे पडला असं म्हटलं नव्हतं. “तुमी वाजवून पाहा.”

भगवंतरावांनी टाळ्या भरल्या. त्याही तेवढ्याच मागे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांत तीच चमक, आणि दोघांचेही हात एकाच पेचकसाकडे गेले.

झाकण उघडून दोघं फितीवर वाकले. कोडं तिथेच पडलं होतं. लिहायचं डोकं आणि ऐकायचं डोकं यांच्यात अंगठ्याएवढं अंतर होतं. फीत आधी लिहिणाऱ्यासमोरून जायची, मग ऐकणाऱ्यासमोर. म्हणजे जुना ठेका कानात पडेपर्यंत फितीचा तो तुकडा लिहिणाऱ्या डोक्याला ओलांडून गेलेला. टाळी वेळेवर मारली तरी ती मागच्या तुकड्यावर पडायची.

“अन् लहान्यात?”

लहानात लिहायचं आणि ऐकायचं डोकं एकच होतं. वरचा अर्धा भाग एका वाटेचा, खालचा दुसऱ्या वाटेचा. वरचा भाग जुनं ऐकवत असताना खालचा त्याच जागी नवं लिहीत होता. त्यांनी ठेका भरला, टाळ्या भरल्या, वाजवलं. थाप आणि टाळी एकावर एक, जणू एकाच माणसाचे दोन हात. एका वाटेतला आवाज दुसरीत किंचित झिरपत होता खरा, पण ओसरीतलं बोलणं माजघरात येतं तेवढाच.

भगवंतराव खदखदून हसले. “मी तुमाले मोठं मशीन गयात बांधून राह्यलो होतो. पाप लागलं असतं.”

“तुमाले काय मालूम, तुमच्या दुकानात शाहीर येईन म्हनून,” जानराव म्हणाले.

जुने दोन भोंगे आणि वर थोडं काही, असा सौदा ठरला. मशीन धोतराच्या पानात बांधताना भगवंतराव सहज म्हणाले, “येक ध्यानात ठेवा. जो पयले गाईन त्याचा सूर फितीवर बसला का बसला. तो हालत नाई. दुसऱ्याले आपलं तुनतुनं त्याच्यासंगच लावा लागन.”

जानराव हसता हसता थांबले.

गाडीत, जलंबच्या फलाटावर, पुन्हा गाडीत, ते त्या एका वाक्यावर फिरत राहिले. दुसऱ्यानं पहिल्याच्या सुराला तुणतुणं लावायचं. म्हणजे जो पहिला गाईल तो जिंकलेला. मशीन बनवणाऱ्याला ना कलगी ठाऊक ना तुरा, पण त्यानं हारजीत आतच बसवून ठेवली होती.

घरी आल्यावर त्यांनी पुष्पाबाईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

“मशीन तुमचं, मेहनत तुमची,” ती म्हणाली. “तुमीच पयले गाऊन घ्या. मशीन घेऊन जाऊ, दादा वरतून गाईन.”

“म्हंजे तो हारला.”

“मंग?”

“कापाच्या आधी त्याले हारवून धाडू?” जानराव म्हणाले. “त्याले गाऊ दे पयले. मी इथं येऊन माही खुटी पिरगाळीन. कोन पाह्यते?”

पुष्पाबाईनं एक शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले. “मी पाहीन ना,” ती म्हणाली. पण आवाज थट्टेचा नव्हता.

सोनाळ्याला अर्जुनरावांनी मशीन चहूबाजूंनी पाहिलं. जानरावांनी दोन वाटा समजावून सांगितल्या. अर्जुनराव मान हलवत ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, “पयले मी गाऊ, मंग तुमी?”

“हाव.”

“मंग तुमाले तुनतुनं माह्यासंग लावा लागन.”

“लावीन. त्यात काय.”

अर्जुनरावांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. जावयाचं तोंड एकदा निरखलं. मग म्हणाले, “तुमी वावरात जा. कलगीवाल्यापुढं सूर लावत नसतो मी. मशीन पुष्पी पाहीन.”

जानरावांनी पुष्पाबाईला कळ दाखवली, काटा लाल रेघेपुढे जाऊ द्यायचा नाही हे बजावलं, आणि ते विहिरीपलीकडच्या संत्र्याच्या बागेपर्यंत चालत गेले. तिथवर आवाज पोचत नव्हता. उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता. भोंग्याच्या धंद्यात सगळ्या गावाला ऐकवायची सवय, आणि आज एकच गाणं ऐकायला जीव टांगलेला, तर तेच ऐकू येऊ नये. ते एका झाडाच्या बुंध्याशी बसले आणि तेलाची ओळ मनातल्या मनात म्हणत राहिले. कुठे दम घेईल, कुठे थांबेल, कुठे घसा दगा देईल.

पुष्पाबाई बोलवायला आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. “झालं,” ती म्हणाली. “झाल्याबरोबर लाइन गेली.”

वीज संध्याकाळपर्यंत येणार नव्हती आणि बस त्याआधीच निघणार होती. फितीवर काय उमटलंय ते न ऐकताच निघावं लागलं. अर्जुनराव ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, घामेघूम, कार्तिकातल्या थंडीत. त्यांनी फक्त हात वर केला.

नांदुऱ्याला जानरावांनी दार लावलं, गोधड्या टांगल्या, म्हणजे गल्ली आत येऊ नये. मशीन लावलं. खुंटीवरचं तुणतुणं काढून मांडीवर घेतलं. डावा हात त्याच्या खुंटीवर, पिळायला तयार. तुऱ्याचा सूर खालचा, तेव्हा तार किती सैल करावी लागेल याचा अंदाज बोटांनी आधीच घेतला होता. त्यांनी रीत म्हणून भिंतीकडे तोंड केलं, दाराकडे पाठ. पाहणारी एकटी पुष्पाबाई. मग कानावर डबे चढवून कळ दाबली.

पुष्पाबाईनं मशीन जरा लवकरच सुरू केलं होतं. आधी नुसती खरखर. कुठेतरी कोंबडी. मग अर्जुनरावांचा फाटका आवाज, “त्याचा सूर कोन्ता ते सांग, पुष्पे. तू त रोज आयकते.”

मग एक बाई हुंकारातून सूर धरते आहे. जानरावांनी तो आवाज पीठ मळताना, धुणं धुताना, झोपाळलेल्या नातवाला थोपटताना ऐकला होता. पण तो आपला, कलगीचा सूर घेऊन घरात फिरतो आहे, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग खुंटीची करकर. तार चढत चढत गेली आणि त्या हुंकाराला जाऊन टेकली.

आणि अर्जुनराव गायले. चढ्या सुरात, जिथे जाताना घसा धड असतानाही त्यांचा कस लागायचा तिथे. दुसऱ्या ओळीत आवाज चिरला. त्यांनी तो चिरलेलाच पुढे नेला.

जानरावांनी तुणतुण्याची तार छेडली. फितीवरच्या तारेत ती पाण्यात पाणी मिसळावं तशी मिसळली. मशीन जोरात फिरतंय की काय म्हणून त्यांनी एकदा चकतीकडे पाहिलं, पुन्हा फीत मागे नेली, पुन्हा तार छेडली. पिळायला काही उरलंच नव्हतं.

त्यांनी डबे काढून मागे पाहिलं. पुष्पाबाई उंबऱ्यात बसली होती.

“तू सांगतलं त्याले.”

“त्यानं इचारलं,” ती म्हणाली. “गा आता. लाइन जाईन.”

जानराव गायले. वातीची ओळ तेलाच्या ओळीभोवती गुंडाळत गेली. जिथे अर्जुनरावांचा आवाज चिरला होता, तिथे त्यांनी आपला आवाज जरा मोठा धरला नाही की चीर झाकली नाही. तिच्या शेजारी जाऊन फक्त उभे राहिले.

पौषात अकोल्याला घसा कापला गेला. जीव वाचला, आवाज गेला. उन्हाळ्यात अर्जुनराव बहिणीकडे आले. जानरावांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि छपरावर राहिलेला एकुलता एक भोंगा खाली उतरवून मशीनला जोडला. आधीचं बोलणं ओलांडून फीत पदावर आणली. दोघांचा आवाज एकत्र खोलीत भरला. दारात तरकारीवाली थांबली, सायकलवाले थांबले. पद संपेपर्यंत अर्जुनराव मांडीवर बोटांनी ठेका धरून होते.

मग त्यांनी खुंटीवरच्या तुणतुण्याकडे बोट दाखवलं, आणि अंगठा व तर्जनी हवेत फिरवून जावयाकडे पाहिलं. पिळावी लागली का खुंटी?

“लागली ना,” जानराव म्हणाले. “अर्धा वळसा. कशीबशी लावली तुमच्यासंग. तुरा जितला.”

अर्जुनरावांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण माणूस पोट धरून हसत होता. हसता हसता डोळे पुसत त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

“माह्याकडं नका पाहू,” पुष्पाबाई म्हणाली. “खोटं बोलाचा सामना असता त दोघंई जितले असते.” आणि ती चहा ठेवायला आत गेली, तोच सूर गुणगुणत.